भगिनीभाव आणि घरभाडं

गेल्या पावसाळ्यात कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात 'भगिनीभाव' या विषयावर सत्र होतं. सत्र घेणाऱ्या ताईंनी भिंतीवर एक जुना फोटो लावला. साल १९५६. पांढऱ्या कपड्यांतल्या दोन तरुण मुली, एक गोरी, एक काळी, आणि दोघींच्या मध्ये विम्बल्डनचा चषक. ताईंनी गोष्ट सांगितली. काळ्या मुलीबरोबर खेळायला कोणी तयार नव्हतं. एका गोऱ्या मुलीने हात पुढे केला. दोघी जिंकल्या. पुढे काळी मुलगी म्हातारपणी गरिबीत सापडली, तेव्हा गोऱ्या मैत्रिणीनेच तिला वाचवलं. बायकांचे डोळे पाणावले, टाळ्या झाल्या, गाणं झालं. मी हात वर केला होता, पण चहा आला होता आणि वेळ संपली होती. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

माझा राग ताईंवर नाही. त्यांनी सांगितलेल्या घटना खोट्या नाहीत. पण त्या अशा रीतीने सांगितल्या की त्यातून कोणालाच काही प्रश्न पडू नये. मैत्रीच्या नावाखाली क्लब सुटले, संघटना सुटल्या, सरकारं सुटली. गोऱ्या मुलीच्या पदरात दयाळूपणा पडला आणि काळ्या मुलीच्या पदरात कृतज्ञता. ही विभागणी आपण बायकांनीच, बायकांच्या शिबिरात करावी हे मला सहन झालं नाही.

गोरी मुलगी म्हणजे अँजेला बक्सटन. जन्म १९३४, लिव्हरपूल. ताईंनी तिला नुसती 'गोरी' म्हटलं, आणि चूक तिथूनच सुरू होते. ती ज्यू होती. वडील सिनेमागृहांचे मालक, घरात पैसा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आईने मुलांना घेऊन दक्षिण आफ्रिका गाठली. तिथे एका काळ्या मुलीशी मैत्री केली म्हणून शेजारपाजारच्यांनी आक्षेप घेतला. वर्णभेद अजून सरकारी धोरण व्हायचा होता, ते १९४८ नंतर. पण कोणी कोणाच्या अंगणात खेळायचं हे शेजारणींना कायद्याआधीच ठाऊक असतं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

इंग्लंडला परतल्यावर आईवडील वेगळे झाले, मुलगी टेनिसमध्ये चमकू लागली. लंडनच्या कंबरलँड क्लबात ती शिकायला जायची. सदस्यत्वाचा अर्ज भरून दिला, उत्तर येईना. परत अर्ज, परत शांतता. शेवटी तिने प्रशिक्षकालाच विचारलं, तेव्हा कळलं की उत्तर येणारच नाही, कारण ती ज्यू आहे. फी भरून शिकायला हरकत नव्हती, सदस्य व्हायला होती. आई तिला घेऊन अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेली, तर तिथल्या मोठ्या क्लबातही तेच. मग ती सार्वजनिक मैदानावर खेळली. तिथे तिला शिकवायला भेटला बिल टिल्डन. तो एके काळचा जगज्जेता, पण तोवर अल्पवयीन मुलांशी लैंगिक वर्तनाच्या खटल्यांमुळे तुरुंगात जाऊन आलेला आणि टेनिसच्या प्रतिष्ठित वर्तुळातून हाकललेला. बाहेर काढलेली माणसं अशी एकमेकांना मैदानाच्या कडेला भेटतात. त्यांना कोणी एकत्र आणत नाही, त्यांना जायला दुसरी जागाच नसते.

काळी मुलगी म्हणजे अल्थिया गिब्सन. जन्म १९२७, दक्षिण कॅरोलायना. आईवडील कापसाच्या शेतावर बटाईने राबणारे, मग सगळं कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत. तिने पहिली रॅकेट धरली ती रस्त्यावर. आता शिबिरातली गोष्ट आठवा: 'गोऱ्या मुलीने हात पुढे केला.' त्याआधी किती हात पुढे झाले होते ते मोजा. हार्लेममधल्या काळ्या लोकांच्या क्लबाने तिला सदस्य करून घेतलं, शिकवलं. गोऱ्यांच्या स्पर्धा बंद म्हणून काळ्यांनी स्वतःची अमेरिकन टेनिस असोसिएशन चालवली होती, तिच्या स्पर्धांत ती वाढली. ह्यूबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, शाळेत घातलं, खेळवलं. १९५० साली तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. त्यासाठी माजी विजेती अ‍ॅलिस मार्बल हिने टेनिसच्या मासिकात आपल्याच बिरादरीला फटकारणारा लेख लिहिला होता. तो लेख महत्त्वाचा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण अल्थिया त्या दारापर्यंत पोहोचली ती आपल्या माणसांच्या खांद्यावरून. एका समाजाने पोटाला चिमटा घेऊन केलेलं पंधरा वर्षांचं काम आपण एका गोऱ्या हाताच्या नावावर लिहून टाकतो.

या दोघींची ओळख झाली ती आपल्याकडे, दिल्लीत, १९५५ साली. अल्थिया तिथे कशी आली हेही पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाचा छळ करून खून झाला होता आणि जगभर अमेरिकेची छीथू होत होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर जे चार टेनिसपटू पाठवले त्यात अल्थिया एकटी कृष्णवर्णीय होती. भारत, ब्रह्मदेश, पाकिस्तान, सिलोन. नव्याने स्वतंत्र झालेल्या, काळ्यासावळ्या लोकांच्या या देशांना दाखवायला सरकारला एक काळी बाई हवी होती. ज्या देशाच्या वतीने ती हात हलवत होती, त्या देशात हॉटेलातली खोली आणि खानावळीतला बाक यांचा हक्क कायद्याने मिळायला १९६४ साल उजाडायचं होतं. इंग्लंडतर्फे आलेल्या खेळाडूंत अँजेला होती. दौऱ्यात सगळे घोळक्याने फिरायचे, आणि या दोघी घोळक्याच्या कडेला.

१९५६ च्या वसंतात अँजेलाचा प्रशिक्षक जिमी जोन्स याने सुचवलं की दुहेरीत तुम्ही दोघी एकत्र खेळा. यात दयेचा भाग नव्हता. अल्थिया त्या वेळी जगातल्या सर्वांत ताकदवान खेळाडूंपैकी एक होती आणि तिला जोडीदार नव्हती. अँजेलाला जिंकायचं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बायकांनी स्वार्थासाठी एकत्र यावं हे आपल्याला कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. दोघींनाही एकमेकींचा उपयोग होता, म्हणून दोघींची मान ताठ राहिली.

पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेत एकेरीच्या उपांत्य फेरीत दोघी समोरासमोर आल्या. भर सामन्यात अल्थियाच्या ब्रेसियरचा पट्टा तुटला. हजारो प्रेक्षक, पुरुष पंच, पुरुष छायाचित्रकार. अँजेला धावत गेली, तिला झाकलं आणि आत घेऊन गेली. मग दोघी परत आल्या, आणि अल्थियाने तिला २-६, ६-०, ६-४ असं हरवलं. शिबिरात सांगायचीच तर मला ही गोष्ट आवडेल. अँजेलाने सामना सोडला नाही, अल्थियाने भीडेपोटी एक गुणही सोडला नाही, आणि तरी दोघींपैकी कोणीही दुसरीला उघडं पडू दिलं नाही. पुढे अल्थियाने अंतिम सामनाही जिंकला. एवढी मोठी स्पर्धा जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पुरुषांसकट पहिली. दुहेरीचं विजेतेपद दोघींनी मिळून घेतलं.

मग विम्बल्डन. लंडनमध्ये अल्थिया राहिली ती अँजेलाच्या आईच्या घरी. अँजेला एकेरीत अंतिम फेरीपर्यंत गेली. १७ वर्षांत तिथवर पोहोचलेली ती पहिली ब्रिटिश बाई. तिथे शर्ली फ्रायने तिला ६-३, ६-१ असं हरवलं. दुहेरीत मात्र दोघींनी फे म्युलर आणि डॅफ्नी सीनी या ऑस्ट्रेलियन जोडीला ६-१, ८-६ नमवलं. अँजेला पुढे सांगायची की एका ब्रिटिश वर्तमानपत्राने बातमीला मथळा दिला होता 'अल्पसंख्याक जिंकले', आणि तोही कोणाच्या नजरेत भरू नये इतक्या बारीक अक्षरांत.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हात वर केला होता तो. दोघी 'बाहेरच्या' होत्या हे खरं. पण दोघी सारख्याच बाहेरच्या होत्या का? अँजेलाला क्लबाने नाकारलं तर तिची आई तिला घेऊन अमेरिकेला जाऊ शकत होती. अल्थियाच्या आईला हार्लेमहून गावी जायचं भाडं काढताना मारामार. अँजेलाच्या ज्यू असण्याबद्दल लोक कुजबुजत, अल्थियाची कातडी कुजबुजीची वाट पाहत नव्हती. 'आपण सगळ्या बायका सारख्याच' या घोषणेबद्दल आपल्या चळवळीत दलित मैत्रिणींनी १९९० च्या दशकात जे खडसावून विचारलं, ते आपण वाचलं, त्यावर चर्चासत्रं घेतली, आणि शिबिरात फोटो लावताना पुन्हा विसरलो. या मैत्रीचं मोल दोघी सारख्या होत्या म्हणून नाही. सारख्या नसताना, आणि ते दोघींना पक्कं ठाऊक असताना ती टिकली, म्हणून आहे.

अँजेलाचा खेळ लवकर संपला. मनगटाच्या दुखापतीने १९५७ साली, वयाच्या २२ व्या वर्षी. पुढे तिने टेनिस शिकवलं, पुस्तकं लिहिली, पत्रकारिता केली. तिला देवी करण्याचाही माझा हेतू नाही. इस्रायलबद्दलचं तिचं प्रेम आणि माझी मतं जुळणारी नाहीत. एका दारातून हाकललेल्या माणसाला दुसऱ्या दारातून हाकललेले दिसतीलच असं नाही, हे तिच्याबाबतीतही खरं असावं.

अल्थियाने १९५७ आणि १९५८ अशी दोन्ही वर्षं विम्बल्डन आणि अमेरिकेची स्पर्धा, दोन्ही जिंकल्या. राणी एलिझाबेथच्या हातून चषक घेतला, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून उघड्या मोटारीतून तिची मिरवणूक निघाली, वरून कागदाच्या फिती उधळल्या. आणि घरी पैसा नव्हता. त्या काळी या मोठ्या स्पर्धा 'हौशी' खेळाडूंसाठीच होत्या, बक्षिसाची रक्कम घ्यायला बंदी. विम्बल्डनमध्ये ती आली १९६८ साली. 'हौशी' हा शब्द ऐकायला किती निर्मळ वाटतो! खेळासाठी खेळावं, पैशासाठी नव्हे. हे तत्त्व सुचतं कोणाला, तर ज्यांच्या घरचं भाडं दुसरंच कोणीतरी भरत असतं त्यांना. कापसाच्या शेतातून आलेल्या बाईने हौस म्हणून जग जिंकावं आणि मग पोट कसं भरावं ते तिचं तिने पाहावं. बाईच्या घरकामाबद्दल, सेवेबद्दल, मायेबद्दल हेच तत्त्व आपण ऐकत आलो आहोत.

अल्थिया व्यावसायिक झाली तेव्हा बायकांसाठी व्यावसायिक टेनिस जवळजवळ नव्हतंच. बास्केटबॉलच्या सामन्यांआधी ती प्रदर्शनीय टेनिस खेळली. मग गोल्फ. १९६४ मध्ये बायकांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये शिरणारी ती पहिली कृष्णवर्णीय. काही क्लबांनी मैदानावर खेळू दिलं पण इमारतीत पाऊल ठेवू दिलं नाही, तेव्हा ती मोटारीत बसून बूट बदलायची. पुढे न्यू जर्सी राज्याची क्रीडा आयुक्त झाली, पण पदाला अधिकार नाहीत हे पाहून वर्षभरात बाहेर पडली. हे पद पत्करून खुर्ची धरून बसणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत, म्हणून हा राजीनामा मला तिच्या कुठल्याही चषकाइतका मोठा वाटतो.

आणि मग १९९५. मेंदूचा आजार, १९९२ चा पक्षाघाताचा झटका, औषधांचा खर्च, थकलेलं घरभाडं. अल्थियाने टेनिसच्या संघटनांकडे मदत मागून पाहिली होती, कोणी दाद दिली नव्हती. तिने अँजेलाला फोन केला. निरोप घेण्यासाठी, कारण जीव द्यायचं तिने ठरवलं होतं. अँजेला साठीत होती. तिने उपदेश केला नाही. किती भाडं थकलंय, औषधाला किती लागतात, हे विचारलं आणि पैसे पाठवले. पण तेवढ्याने भागणार नाही हे तिला कळत होतं. तिने अल्थियाला न सांगता 'टेनिस वीक' या नियतकालिकात पत्र छापून आणलं. जगभरातून पाकिटं यायला लागली, वेगवेगळ्या देशांच्या नोटा भरलेली. जमलेली एकूण रक्कम दहा लाख डॉलरच्या आसपास गेल्याचं सांगतात.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवलं होतं की अर्जदाराची प्रतिष्ठा सांभाळून मदत करावी. न विचारता पत्र छापणं त्या कसोटीला उतरत नाही, हे मला कळतं. मी असते तर बहुधा संमतीपत्रकावर सही घ्यायला गेले असते, आणि तोवर उशीर झाला असता. पण ती बाजूला ठेवू. माझं भांडण वेगळं आहे. हा प्रसंग आपण मैत्रीचा विजय म्हणून सांगतो. तो टेनिसच्या दिवाळखोरीचा पुरावा आहे. अल्थियाचं देणं अँजेला लागत नव्हती. ते लागत होत्या तिच्या नावावर तिकिटं विकणाऱ्या स्पर्धा, तिच्या कातडीचं प्रदर्शन परदेशात मांडणारं सरकार, तिला मिरवणुकीत फिरवणारं शहर. त्यांच्यापैकी कोणी हिशेब चुकता केला नाही म्हणून एका निवृत्त बाईला जगापुढे झोळी पसरावी लागली. मैत्रिणीने ती पसरली हे तिचं मोठेपण. पण पसरावी लागली ही कोणाची तरी लाज आहे, आणि त्या लाजेचा मालक आपण गोष्टीतून वगळतो.

अल्थिया २००३ मध्ये गेली. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेची स्पर्धा जिथे भरते त्या मैदानावर तिचा पुतळा बसला २०१९ मध्ये. अँजेला ऑगस्ट २०२० मध्ये वारली, ८५ वर्षांची होऊन. विम्बल्डन ज्या ऑल इंग्लंड क्लबाच्या गवतावर खेळलं जातं त्याने तिला शेवटपर्यंत सदस्य केलं नाही. तिने अर्ज केला होता, आणि ती जाहीरपणे म्हणत राहिली की आपण ज्यू आहोत हेच कारण. एकेरीचं विजेतेपद मिळालं की मानाचं सदस्यत्व मिळतं, दुहेरीचं तसं नाही, असा खुलासा कोणी करेल. असेलही. बंद दारांची हीच तर सोय असते. कारण सांगायचं बंधन त्यांच्यावर नसतं, सिद्ध करायचं ओझं मात्र बाहेर उभी असलेल्या बाईवर असतं. कामाच्या ठिकाणी बढती नाकारलेल्या, वस्तीत खोली नाकारलेल्या बायकांच्या किती तक्रारी याच दगडावर आपटून परत येतात, हे आपल्यापैकी जी जी सल्ला केंद्रात बसली आहे तिला माहीत आहे.

तर ताईंनी तो फोटो पुन्हा जरूर लावावा. फक्त त्याच्याशेजारी १९९५ चा फोन सांगताना थोडं आपल्या घरातही डोकावावं. आपल्या चळवळीत पंचवीस-तीस वर्षं मानधनावर काम केलेल्या बायका आहेत. मोर्चात त्या पुढे असायच्या, पोलीस चौकीत रात्री त्या बसायच्या. त्यांना भविष्यनिर्वाह निधी नव्हता, आजारपणाची रजा नव्हती, कारण आपण 'नोकरी' करत नव्हतो, 'काम' करत होतो. हौशी टेनिस आणि हे तत्त्व यांत मला फार फरक दिसत नाही. ८ मार्चला आपण त्यांना बोलावतो, शाल देतो, फोटो काढतो. अशाच एका बाईंना मी गेल्या हिवाळ्यात भेटायला गेले होते. तीन शाली घडी करून ठेवल्या होत्या, एकीची तर पिशवीही उघडली नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. त्यांनी फोन कोणालाच केला नव्हता. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "अगं, तुमचंच सगळं ओढाताणीत चाललेलं. कशाला?"

त्यांना अँजेला भेटो अशी इच्छा मी करणार नाही. आपल्या गटाच्या पुढच्या त्रैमासिक बैठकीत मी दोन ठराव मांडते आहे. एक, पंधरा वर्षांहून जास्त काम केलेल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी निवृत्तिनिधी, आणि त्यात प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून ठरावीक टक्के रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढणं. दोन, यापुढे सत्कारावर खर्च नाही, तो पैसा या निधीत. देणगीदार संस्था अशा खर्चाला मान्यता देत नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे. ते कोणत्या अर्जावर, कोणत्या तारखेला, कोणाला विचारलं होतं, तेवढं बैठकीत कागदासह दाखवावं. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो लेखी पाठवावा, पुढच्या अंकात छापू.